तिसरं कपलिंग

तो पहिल्यांदा आला तेव्हा ती आपल्या मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात, काउंटरवर एकटीच डबा खात होती. त्याने रुमाल सोडला – आत मोटर आणि स्क्रू जोडणारं, मुठीएवढं कपलिंग.

"चांगलं दणकट बघून घेतलं होतं. आठ दिवसांत मोटरचं बेअरिंग ओरडायला लागलं."

"अजिबात न वाकणारं घेतलंत, मग ओरडेल नाही तर काय? कितीही जपून बसवा, दोन दांड्यांत केसभर फरक राहतोच. हे न्या… भात्यासारखं, घड्याघड्यांचं. जरासं वाकतं, पण फिरताना ढिलं पडत नाही."

"तुम्हाला बरं कळतं सगळं."

"माल विकते, कळायला नको?"

तो धातू कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला स्वतःच कॉम्प्युटरच्या हुकमावर फिरणाऱ्या सर्वो मोटरी बसवत होता. तीन अक्ष, तीन मोटरी, तीन कपलिंगं.

"मग तिन्ही एकदम न्या की!"

"नको… एकेक लावून बघतो," तिच्याकडे बघत तो म्हणाला.

वडील गेल्यापासून दुकानात ती एकटीच होती. त्यांचं स्टूल माळ्यावर उलटं पडलं होतं. दिवसभराचं बोलणं म्हणजे मापं, आणि 'पुन्हा या'. आता मात्र तो दर शनिवारी एक कपलिंग न्यायला यायचा, आणि ती शनिवारची वाट बघू लागली.

तिसऱ्या शनिवारी त्याने माप सांगितलं, "मोटरकडे चौदा, स्क्रूकडे बारा." तिचा हात बरोबर डबीवर गेला… आणि थबकला. हे शेवटचं. पुढच्या शनिवारी हा कशाला येतोय? 'इथून चुकीचा माल जाणार नाही' ही वडिलांची काळ्या दगडावरची रेघ. तरीही तिने दोन्हीकडे चौदाचं छिद्र असलेलं कपलिंग दिलं. त्याने डबी उघडली, पाहिली, मिटली आणि गेला.

रात्री ती अंथरुणात उठून बसली. त्याने सैल छिद्रात पत्रा घालून तसंच बसवलं तर? मशीन भलतीकडेच धावेल! फोन नंबरही नव्हता. पुढचा शनिवार आला आणि गेला. तिने बरोबर डबी गल्ल्याजवळ काढून ठेवली होती. त्या डबीकडे बघून तिला रडू यायचं.

मंगळवारी तो आला.

"स्क्रूचा दांडा बाराचा आहे, बाई."

"माझी चूक," तिने डबी पुढे केली. मग मान वर केली. "चूक नाही. मुद्दाम दिलं… तुम्ही परत यावं म्हणून."

तो हसला. "दोन मिलीमीटरचा फरक मला इथेच दिसला होता."

"आणि मूग गिळून बसलात?"

"बोललो असतो तर लगेच बदलून दिलं असतंत… मग येणार कशाच्या निमित्ताने?"

"मग दहा दिवस कुठे होतात?"

"दोनदा कोपऱ्यापर्यंत आलो होतो. धीर झाला नाही."

तिने गल्ल्याचा खण लोटला. मग म्हणाली, "कपलिंग नको असलं तरी येत जा. मला फार एकटं वाटतं."

तिने माळ्यावरचं स्टूल काढलं, पदराने पुसलं आणि काउंटरच्या आत, आपल्या शेजारी ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "डबा अजून उघडायचाय."