खिंडीखाली आलेली ऊब

उद्या खिंड पार झाली, तर इरावती परचुरेचा फायदा भरभक्कम होता. स्कीवरून तोरंग खिंड ओलांडणारी सर्वांत लहान मुलगी म्हणून छातीवर हिमबिल्ला लागणार होता. शिवाय "तू तर फ्रीज उघडला तरी शिंकतेस" हे दादाचं पालुपद कायमचं बंद होणार होतं. हा दुसरा फायदा तिला अधिक मोलाचा वाटे. पण उद्या शिबिराचा शेवटचा दिवस होता. उद्या नाही, तर नाहीच.

हिमालयातल्या त्या तळावर इतके दिवस दात वाजवणारी थंडी त्या संध्याकाळी अचानक निवळली. म्होरके श्रीरंगकाका खांबेटे खूश झाले.

"निम्मा सह्याद्री पालथा घातलाय मी," ते म्हणाले. "पावसाआधी वारा गार सुटतो. इथे तर ऊब आलीय. म्हणजे हवा आपल्या बाजूने आहे. पहाटे निघायचं."

सामान वाहणारा यंत्रमानव जवळच उभा होता. त्याची चाल बघून पोरांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलेलं. त्याच्या पाठीवर हवामानाची उपकरणं होती. काकांनी मात्र त्याला आजवर फक्त चहाचं पातेलं कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

"गोगलगाय, सूर्य तर बुडाला," इरा म्हणाली. "मग हवा गार व्हायची सोडून उबदार कशी होतेय?"

"विचारलं कोणीतरी एकदाचं. वर बघ, ढगांची चादर आलीय. आभाळ मोकळं असलं की जमिनीची उष्णता वर निघून जाते. ढग असले की त्यातली बरीच परत येते. गोधडी पांघरल्यासारखं."

"आणि ढग कुठून आले?"

"पश्चिमेकडून. याला पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात हिमालयावर ओलसर हवा आणणारी वादळी रचना) म्हणतात. आता तू सांग, फार गार हवेत बाष्प (हवेत मुरलेली पाण्याची वाफ) जास्त मावतं की कमी?"

"कमी. थंडीत ओठ फुटतात ना."

"शाबास. कडक गारठ्याची हवा कंजूष. बर्फाला लागणारं पाणीच तिच्या खिशात नसतं. मोठ्या हिमवर्षावाला जरा उबदार, ओली हवा लागते. डोंगर चढताना ती गार होते आणि खिसे रिकामे करते. वायुदाबही (डोक्यावरच्या हवेचा भार) दुपारपासून घसरतोय."

"म्हणजे ही ऊब वादळाचीच?"

"त्याचीच. दारात येऊन उभंय."

इरा जरा वेळ बुटाने बर्फ उकरत राहिली. "तूच सांग ना काकांना."

"सांगेन की. ते मला पातेलं आणायला पाठवतील."

मग तीच गेली आणि सगळं क्रमाने सांगितलं.

"बिल्ला नकोय वाटतं तुला?" काकांनी डोळे बारीक केले.

"हवाय. म्हणून तर घाईने सांगतेय. उशीर केला तर बिल्ल्याच्या मोहाने गप्प बसेन."

काका हसले नाहीत. उठले, घसरलेला वायुदाब स्वतः पाहिला आणि म्हणाले, "सह्याद्रीची अक्कल इथे तशीच्या तशी चालत नाही तर. उद्याची मोहीम रद्द."

पहाटेपासून बर्फ कोसळलं. दुपारी खिंडच काय, शेजारचा तंबूही दिसेना. काकांनी सगळ्यांना एका तंबूत बसवलं. "ऐका, आमच्या हवामानशास्त्रज्ञ बोलताहेत," असं म्हणून त्यांनी इराला ती ढगांची गोधडी पुन्हा उलगडायला लावली. आवाजात असा ताठा, जणू पोरगी त्यांनीच घडवली. पुढच्या शिबिरापासून रोज संध्याकाळी मुलांनीच हवा वाचायची, हेही तिथेच ठरलं.

किंमत मोजली ती इराने, बिल्ला देऊन. थोडीशी काकांनी, मिशी खाली उतरवून. बाकीच्या पोरांना आपापले हातपाय फुकटात मिळाले. आणि त्यातले दोघे तर मोहीम बुडाली म्हणून तिच्यावरच रुसून बसले होते.