निळ्या देवमाशाचा उजवा गुडघा

वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली, आणि ती सरळ करायला जो हात पुढे आला तो एवढा मोठा होता की मी आधी हाताकडेच बघत राहिले.

"द्या... तुटणार नाही," हाताचा मालक म्हणाला.

ओइझुमी या आमच्या उपनगराच्या बाजारात, बटाट्याचे कोरोक्के तळणाऱ्या मावशींच्या दुकानापुढे आम्ही उभे होतो. ऑक्टोबरची बारीक भुरभुर. त्यानं छत्रीची एकेक काडी दोन बोटांनी अशी सरळ केली, जणू एखाद्या पाखराचे पंख सावरतोय. भुवईवर चिकटपट्टी, भिंतीसारखे खांदे, आणि आवाज मात्र जेमतेम ऐकू येईल असा.

"आठ द्या," तो मावशींना म्हणाला.

"पाहुणे आलेत वाटतं?" मी विचारलं. अनोळखी माणसाशी मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"नाही... मीच," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

गरम पिशवी घेऊन तो निघाला. सगळा भार डाव्या पायावर टाकून त्यानं रस्ता मोकळा व्हायची वाट बघितली आणि गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी तेव्हा जवळच्याच एका स्टुडिओत कार्टूनची चित्रं काढत होते. टीव्हीवर 'मल्लवीर रायगो' ही आमची मालिका गाजत होती. अंगात वीज असलेला पैलवान, ग्रहाग्रहांवरचे राक्षस चीतपट करणारा. तिच्यावरून निघालेले दोन सिनेमे झाले होते आणि तिसरा, समुद्राच्या राजाशी कुस्तीचा, मार्चच्या सुट्टीत यायचा होता. डावाची सुरुवात नि शेवट वरिष्ठ काढायचे. त्यांच्या मधल्या सगळ्या हालचाली माझ्याकडे.

"मालिकेत पोरांनी चालवून घेतलं," आमचे दिग्दर्शक हिराबायाशी म्हणाले. "मोठ्या पडद्यावर रायगो ओंडक्यासारखा पडला तर हसतील. म्हणून खरा पैलवान बोलावलाय. नीट बघा आणि काढा."

दुसऱ्याच दिवशी खरा पैलवान आला... तोंडावर निळा मुखवटा घालून. आखाड्यातलं त्याचं नाव 'निळा देवमासा'. त्याचा चेहरा त्याच्या संघाबाहेर कुणी पाहिलेला नव्हता, आणि पाहायचा नाही असा करारच होता.

"मी समुद्राच्या तळातून आलोय," तो छाती काढून गरजला. "तुमच्या रायगोला सांगा, जरा जपून."

आम्ही सगळे हसलो. त्यानं हिराबायाशींच्या मदतनिसाला उचललं, हवेत फिरवलं आणि गादीवर अलगद ठेवलं. मग भार डाव्या पायावर टाकून उभा राहिला.

माझी पेन्सिल थांबली.

चित्रं बघायला तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी म्हटलं, "आपण कुठे भेटलोय का?"

मुखवटा माझ्याकडे वळला. "समुद्राच्या तळाशी येणं-जाणं असतं का तुमचं?"

"नाही हो. कोरोक्के आणायला बाजारात जाते, तेवढंच."

"देवमासे बटाटे खात नाहीत," तो ठसक्यात म्हणाला. पण मुखवट्याखालची मान... लाल.

मग दर मंगळवारी सकाळी देवमासा स्टुडिओत यायचा आणि बढाया मारायचा. आणि संध्याकाळी अधूनमधून मावशींच्या दुकानापुढे तो दुसरा भेटायचा, जो स्वतःच्या पावलांच्या आवाजानंही दचकेल. या दोघांतला खरा कोणता? मला त्या प्रश्नानं पछाडलं होतं. मुखवट्याआड बढाई मारताना ओठांची हालचाल कशी होत असेल? तेव्हाही तो लाजत असेल का?

"आज कामावर काही विशेष?" एकदा त्यानं कोरोक्क्यावर फुंकर मारत विचारलं.

"एक देवमासा येतो. फार फुशारक्या मारतो."

"असं... म्हणजे आवडत नाही तुम्हाला?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

तो बराच वेळ एकच घास चावत राहिला. "दिसायला कसा आहे?"

"कोण जाणे. तुमच्यापेक्षा बरा असेल."

तो हसला. मी ओळखलंय हे त्याला कळलं होतं की नाही, ते मला कळत नव्हतं. आणि ते न कळण्यातच एवढी गोडी होती, की मीही उघड विचारत नव्हते.

पण नोव्हेंबर सरता सरता शेवटचा डाव काढायला घेतला. रायगो राजाला खांद्यावर घेतो आणि धोबीपछाड मारतो. त्याला बघून काढलेले कागद एकावर एक ठेवून मी भराभरा चाळले. आमच्या कामात हालचाल तशीच तपासतात. आणि मला दिसलं... उठताना उजवा गुडघा अडकत होता. नंतरच्या मंगळवारांच्या चित्रांत जास्तच.

"गुडघा सुधार," हिराबायाशी मागून म्हणाले. "रायगो म्हातारा वाटतोय."

मी कागदावरचा सुधारला. पण त्याच्या पायातल्या गुडघ्याचं काय? जानेवारीत त्याची विजेत्याशी कुस्ती होती, भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या होत्या. सांगायचं तर मला सगळं माहीत आहे हे कबूल करावं लागणार, आणि मग तो कदाचित पुन्हा भेटणारच नाही. गप्प राहायचं तर...

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "तुमचा उजवा गुडघा दुखतोय."

त्याचा हात पिशवीतच राहिला. "मी कोण आहे असं वाटतं तुम्हाला?"

हा आवाज गरजणाऱ्याचा नव्हता, लाजणाऱ्याचाही नव्हता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"ते मी विचारलेलं नाही. डॉक्टरला दाखवलंत का, एवढंच विचारतेय."

"जानेवारीची कुस्ती मला पुन्हा मिळणार नाही."

"आणि फेब्रुवारीत चालणार कसे?"

त्यानं पिशवी फळीवर ठेवली, मान लववली आणि निघून गेला.

मावशींनी झारा थांबवला. "भांडलात?"

"आमची ओळख तरी कुठे आहे, मावशी?"

"मग एवढं भांडण कशाचं झालं?" त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. काम संपलंच होतं, असं हिराबायाशी म्हणाले. नव्या वर्षात स्टेशनवर खेळाच्या वर्तमानपत्रात वाचलं, देवमाशानं माघार घेतलीय आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालीय. हायसं वाटलं. आणि लगेच डोळे भरून आले, त्याचं काय गेलं ते मला कळत होतं म्हणून.

मार्चमध्ये सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला मी एकटीच गेले. सगळीकडे पोरं, आया आणि मक्याच्या लाह्या.

"इथे कुणी आहे का?"

काठी टेकत तो उभा होता. मी मान हलवली. पाय लांब करून तो शेजारी बसला आणि अंधार झाला.

शेवटचा डाव आला. रायगोनं राजाला उचललं आणि सगळं थिएटर श्वास रोखून बसलं... मग एकच कल्लोळ.

"गुडघा बरा केलात," तो माझ्या कानाशी कुजबुजला.

"कागदावरचा सोपा असतो."

"माझाही होईल म्हणतात. कुस्तीपुरता होईल का, ते नाही सांगत."

"रागावला होतात ना?"

"त्या दिवशी, हो. मग पलंगावर पडल्या पडल्या विचार केला... एवढी माणसं मला बघायला येतात. गुडघा एकालाही दिसला नाही."

"बघणं माझं कामच आहे."

"नुसतं काम?"

पडद्यावरच्या समुद्राचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता. मी तो चेहरा आधी कधी एवढ्या जवळून पाहिला नव्हता.

"मंगळवारी काम," मी म्हणाले. "बाकीचे दिवस... मी आपणहून बघत होते."

तो आता पडद्याकडे बघत नव्हता.

दिवे लागले तेव्हा पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत एकमेकांना चीतपट करत होती.

"माझं नाव इकुमा," तो हळूच म्हणाला. "साएकी इकुमा. संघाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही."

"मी नात्सुए."

"माहीत आहे. मावशींना विचारलं होतं." पुन्हा कान लाल. "आता... जरा ओढता का? ही खुर्ची फार खोल आहे."

मी दोन्ही हातांनी ओढलं. तो उठला. हात मात्र सोडला नाही.

समोरच्या रांगेतली एक छोटी मुलगी मान वर करकरून त्याच्याकडे बघत होती. "काका, तुम्ही पैलवान आहात?"

त्यानं थोडा विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सध्या नाही, बाळ. सध्या मी यांच्याबरोबर आहे."