तीन कॅमेऱ्यांतली टाळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. आता तुम्ही माझी केलीत, तर माझी ना नाही.

पण जे झालं ते झालं. तेही अंधाऱ्या रात्री नाही. गुरुवारी, भर दुपारी, माझ्या एडिटिंगच्या खोलीत. शेजारच्या दुकानाचं शटर दुरुस्त करणारा बाबा ठोकाठोक करून जीव खात होता.

मी व्हिडिओवाला. कॅमेरे माझे, आवाज दादाचा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

कार्यक्रमाला आम्ही तीन कॅमेरे तीन कोपऱ्यांत लावायचो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. प्रत्येक यंत्र आपल्या मर्जीने सुरू होणार, मग नंतर मेळ कसा घालायचा? म्हणून दादा पुढे जायचा, "चालू आहे रे" म्हणायचा आणि एक सणसणीत टाळी वाजवायचा. ती सगळीकडे उमटायची. एडिट करताना टाळीवर टाळी बसवली की ओठ आणि आवाज जुळले.

जुळले की तो तुकडा मी कापून टाकायचो. गिऱ्हाईकाला कशाला हवा? काम पोचतं झालं की मूळ फुटेजही पुसायचं. डिस्कवर जागा नको का?

दादा मागच्या वर्षी अपघातात गेला. त्याच्या फोनचाही चुरा झाला.

काही महिन्यांनी वहिनी माझ्याकडे आली. तिची मुलगी, आमची मुंगी, आदल्या दिवशी जेवताना म्हणाली होती, "आई, बाबाचा आवाज कसा होता गं?"

पोरगी रडत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

"भाऊजी, एखादं वाक्य शोधून द्या," वहिनी म्हणाली. "कसलंही चालेल."

मी सगळ्या डिस्का उपसल्या. लोकांची भाषणं होती, गाणी होती, हसणं-खिदळणं होतं. दादा कुठेच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज टिपणाऱ्या माणसाचा एक शब्द घरात उरला नव्हता.

मग मुंगीचं शाळेत गाणं होतं. मी तीन कॅमेरे लावले, दादाचा रेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवला. धावपळीत टाळी राहूनच गेली. ते काम मी कधी केलंच नव्हतं ना!

तर त्या गुरुवारी एडिटला बसलो. टाळी नाही म्हणजे ओठ बघत बघत जुळवणं आलं. डोक्याला नुसता ताप. स्वतःलाच शिव्या घालत पहिला कॅमेरा उघडला.

मुंगी माइकसमोर एकटी. भेदरलेली. मुठी घट्ट आवळलेल्या.

आणि चित्र धूसर झालं...

फोकस तिच्यावरून सुटून जवळ आला. लेन्सच्या पुढ्यात कुणी येऊन उभं राहिलं की कॅमेरा आपोआप तसं करतो. पण पुढ्यात कुणीच नव्हतं.

मग... टाळी.

फोकस परत मुंगीवर. तिच्या मुठी सुटल्या होत्या.

म्हटलं, प्रेक्षकांतला कुणी असेल. दुसरा कॅमेरा उघडला. तिथेही तसंच. तिसऱ्यातही. टाळ्या एकावर एक ठेवल्या... तिन्ही चित्रं धूसर झाली तीही एकाच क्षणी, एका फ्रेमचा फरक नाही. एक माणूस एकाच क्षणी तीन कोपऱ्यांत उभा राहील कसा?

मी रेकॉर्डरची फाइल लावली. हेडफोन चढवले.

कुणीतरी घसा खाकरला...

"चालू आहे रे."

दादा.

घाबरलो का? घाबरलो. पण त्याहून जास्त रडू आलं. कसाबसा फोन लावला. वहिनी मुंगीला घेऊन धावतच आली.

"आधी हिला ऐकू द्या," ती म्हणाली.

मुंगीने हेडफोन लावले. ते वाक्य म्हणजे जेमतेम एक श्वास. पण ती ऐकतच राहिली. मधेच मान डोलावली. मधेच "हं" म्हणाली. एकदा खुदकन हसली.

मी स्क्रीनकडे पाहिलं.

आवाजाची रेघ सपाट होती...

मुंगीने हेडफोन काढले. "असाच होता. आठवला मला."

वहिनीने ते घाईघाईने कानाला लावले. मी फाइल पुन्हा सुरू केली. फक्त मुंगीचं गाणं वाजलं. त्याआधी काही नाही. कॅमेऱ्यांतली टाळीसुद्धा गायब. कॅमेऱ्यांतली मूळ मेमरी कार्डं लावून पाहिली. काही नाही. मी वेड्यासारखा बटणं दाबत राहिलो.

गाणं संपलं तरी वहिनीने हेडफोन काढले नाहीत. तसंच हळूच विचारलं, "मुंगे, माझ्यासाठी काही म्हणाला का गं?"

मुंगी अगदी सहज म्हणाली, "म्हणाला, आईशी नंतर बोलतो."

त्यानंतर मी ती फाइल पुन्हा उघडलेली नाही. कॅमेऱ्याचा फोकस जरासा हलला तरी आजही लेन्सच्या पुढ्यात कुणी आहे का, ते मी वाकून बघतो.

वहिनी आता माझ्या प्रत्येक शूटला येते. रेकॉर्डरजवळ खुर्ची टाकून बसते. सगळं चालू झालं की मी टाळीसाठी हात उचलतो. ती दरवेळी हळूच म्हणते...

"भाऊजी, जरा थांबा ना."

मी थांबतो.