गल्ला रिकामा, पान जुनंच

"मॅडम, उद्या माझा साखरपुडा हाय, आणि आज मला चोर ठरवलंय."

एवढं बोलून प्रगतीला रडूच कोसळलं. इंदापूरहून बारामतीपर्यंत एसटीत तिनं कसाबसा धीर धरला होता.

राजनंदिनी काटे बारामतीतली खाजगी तपासनीस. मावसभाऊ अविराज तिचा मदतनीस. मनानं सोनं, डोक्यानं सावकाश. तो पाणी आणायला धावला आणि ग्लास तिकडंच विसरून आला.

प्रगती इंदापुरात मोहनरावांच्या ऑनलाइन फॉर्मांच्या दुकानात कामाला होती. दुपारी ती जेवून परतली, तर गल्ला साफ! मोहनरावांनी मागचापुढचा विचार न करता वालचंदनगरला तिच्या होणाऱ्या सासूला फोन लावला. पैसे मिळाले नाहीत तर संध्याकाळी पोलीस.

"सासूबाई म्हणाल्या, खरं काय ते कळू द्या, मग साखरपुड्याला येतो."

"चल," राजनंदिनी उठली.

मोहनराव दुकानातच धुसफुसत बसले होते.

"कुलूप फुटलेलं न्हाय. किल्ली खिळ्याला असती. ते ठाऊक हिला, मला अन् आईला."

"दुपारी दुकानात कोण होतं?"

"आई. मी बाहेर गेलतो. पण तिला चोरीचं कळू दिलं न्हाय, बीपी हाय तिला. तुमीबी बोलू नका."

आतल्या खोलीत मोहनरावांच्या आई, द्वारकाबाई, मेथी निवडत होत्या.

"आजी, दुपारी कुणी आलं होतं?"

"चिटपाखरू न्हाय! त्या कॉम्प्युटरनंच जीव खाल्ला. फॉर्मचं पान जुनंच दावतोय. पुण्याहून नातवानं, ऋषिराजनं, फोनवर सांगितलं तसं सगळं केलं. तरी मेला हलंना!"

अविराज कॉम्प्युटरपाशी बसला. पान खरंच गेल्या वर्षीचं होतं. त्यानं चार बटणं दाबली आणि नवं पान उघडलं.

"ब्राउझर आधी बघितलेली पानं साठवून ठेवतो अन् तीच दाखवत बसतो," तो ऐटीत म्हणाला. "त्या साठ्याला कॅश म्हणतात. ती क्लिअर केली की झालं. पण ही कुणी क्लिअर केलीच नव्हती."

राजनंदिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"अव्या, शंभर वर्षं जग! मोहनराव, आईंना बोलवा."

द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या.

"चोर नाहीच," राजनंदिनी म्हणाली. "कुलूप शाबूत, बाहेरचं कुणी फिरकलं नाही. आजी म्हणतात, नातवानं सांगितलं ते सगळं केलं. मग कॉम्प्युटरमधली कॅश जशीच्या तशी कशी? कारण त्यांनी दुसरीच कॅश साफ केली. आजी, ऋषिराज काय म्हणाला?"

"आधी कॅश क्लिअर कर म्हणला. केली की! गल्ला रिकामा केला, तांदळाच्या डब्यात ठेवलंय सगळं. का? काय झालं?"

मोहनरावांनी आत धावत जाऊन डबा उघडला. पैसे तिथंच होते. चोरीचं आईपासून लपवलं नसतं, तर दुपारीच उलगडा झाला असता.

"पोरी, चुकलं माझं. उद्यापासून ये कामाला."

प्रगतीनं डोळे पुसले. "कामाचं ऱ्हाऊ द्या, काका. वालचंदनगरला फोन लावा. त्यांच्यापुढं अजून तुमचं जुनंच पान हाय."

मोहनरावांनी फोन लावला. घडलं ते सगळं सांगून माफी मागितली. प्रगतीनं अविराजचं मनगट घट्ट धरलं होतं.

"बरं," पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "मग पोरीला सांगा, उद्या आमी येतोय."