एक नंबरची सीट

मीठमसाला लावून सांगत नाहीये. विश्वास ठेवायचा तर ठेवा. ज्यांना सांगितलं ते सगळे हसलेच, आता मला सवय झाली आहे.

कॉलेजचं शेवटचं वर्ष. हिवाळ्यातली सकाळ, शहराबाहेरचा तलाव, आणि पाण्यावर असं धुकं की आपल्याच वल्ह्याचं टोक दिसेना.

मी कॉलेजच्या रोइंग टीममध्ये होतो. चौघांची बोट. प्रत्येकाकडे एकच वल्हं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. ओढणारे आम्ही सगळे उलटे बसतो. बोट जाते तिकडे आमची पाठ. पुढचं बघतो तो फक्त सुकाणूवाला. आमचा सुकाणूवाला अंगाने किरकोळ आणि तोंडाने अखंड, म्हणून त्याचं नाव पोपट.

एक नंबरची सीट बोटीच्या टोकाला, सगळ्यांच्या पाठीमागे. तिथे लांब्या बसायचा. दोन नंबरला मी.

त्या मोसमात आम्ही नुसते हरलो. तेही धड नाही, दर वेळी वीतभर अंतराने. एकदा वल्हं अडकलं, एकदा वारा फिरला. पहाटे उठून हातांची सालटी काढायची आणि शेवटी दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या. डोकं फिरायचं अक्षरशः. त्यात कॉलेजने सांगून टाकलं, यंदा पदक नाही तर टीम बंद.

आणि अंतिम शर्यतीच्या तोंडावर लांब्याची पाठ धरली. दुष्काळात तेरावा महिना.

आमचे कोच सर म्हणाले, तिघेच उतरा, सराव बुडायला नको. मी वैतागून म्हटलं, एका बाजूला दोन वल्ही आणि दुसरीकडे एक, बोट गोल फिरत बसेल. सर म्हणाले, मग फिरा.

लांब्याचं वल्हं शेडमध्येच ठेवून आम्ही निघालो.

निघण्याआधी मोजणी असते. टोकापासून प्रत्येकाने आपला नंबर म्हणायचा, म्हणजे सगळे तयार आहेत हे कळतं. पोपटाने सवयीने हाक दिली, "एकपासून मोजा."

चुकलाच तो. दोनपासून म्हणायला हवं होतं.

मी "दोन" म्हणायला तोंड उघडलं...

माझ्या पाठीमागून आवाज आला.

"एक."

शांत. तयारीत बसलेल्या माणसाचा.

माझ्या तोंडून "दोन" निघून गेलं. पुढच्या दोघांनी तीन, चार म्हटलं. त्यांना वाटलं, दोन्ही आकडे मीच म्हटले. पोपट म्हणाला, चेष्टा पुरे.

मागे वळून बघता येत नाही. बोट इतकी अरुंद की एकाने अंग वळवलं तरी कलंडते.

आम्ही ओढायला लागलो.

आमच्या सीटा रुळावर पुढेमागे सरकतात. मागची सीट सरकली... खर्र...

मग वल्हं त्याच्या काठावरच्या कडीत फिरल्यासारखी... खट्ट...

आणि बोट सरळ निघाली. रेघ मारल्यासारखी.

पोपटाने सुकाणूची दोरी सोडून दिली होती. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. आणि गप्प होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काठाला लागल्यावर मी वळलो. सीट रिकामी. कडीत वल्हं नव्हतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, शेवटी एकदाचं नीट ओढलंत, त्याचं श्रेय तरी घ्या. मला इतका राग आला की मी जेवलोच नाही.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. लांब्या पाठीला पट्टा आवळून आला, कोणाचं ऐकेना. मला बरंच वाटलं. निदान पाठीमागे जिवंत माणूस तरी असेल.

मोजणी झाली. "एक." "दोन." "तीन." "चार."

उलटं बसणाऱ्याला हरताना कोणी दिसत नाही. जिंकताना मात्र सगळे दिसतात. त्या दिवशी एकेक बोट माझ्या डोळ्यांसमोर मागे पडत गेली.

आम्ही जिंकलो. मोसमातलं पहिलं पदक. सरांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. लांब्या काठावर बसून रडत होता. मला वाटलं, आनंदाने.

"पहिल्या झटक्यातच पाठ गेली रे," तो म्हणाला. "वल्हं मांडीवर दाबून धरलं. पाण्याला लावलंच नाही."

"पण बोट सरळ गेली," मी म्हटलं.

"मोजणीलाही माझा आवाज फुटला नव्हता. ते 'एक' माझ्या मागून आलं."

त्याच्या मागे जागाच नाही. तिथे बोटीचं बंद, निमुळतं टोक आहे. मांजरसुद्धा बसणार नाही.

मी चौकशी केली. त्या तलावात कोणी बुडालेलं नाही. बोटही नवीकोरी होती. काहीच हाती लागत नाही, याचाच जास्त संताप येतो. पोपटाला विचारलं तर तो उठून गेला. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

आई पाहुण्यांना पदक दाखवते. "आमच्या पोराने ओढून आणलंय," म्हणते. मी तिच्यावर खेकसतो. ती विचारते, जिंकलास तरी चिडतोस कशाला? मी काय सांगू? आम्ही ओढलं तेव्हा आम्ही हरलो. जिंकलो तेव्हा कोणी ओढलं, ते मला माहीत नाही.

टीम वाचली. नवी मुलं तीच बोट नेतात आणि दर वर्षी जिंकतात. मागे सरांचा फोन आला होता, कौतुक सांगत होते.

मी विचारलं, सुकाणूवर कोण आहे?

"तेवढंच जमत नाही बघ," सर म्हणाले. "एकही टिकत नाही. मधेच सोडून जातात, आणि कारण विचारलं तर सांगत नाहीत."