पुराची बावीस वर्षं

तात्यांची नात शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीची गोष्ट. सोमवारी सकाळी, नदीच्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरांची मुलगी टेपखोलीत धावत आली.

"तात्या, बाबांचा डेटा गेला! पुराची बावीस वर्षांची मोजमापं. फोल्डर दिसतंय, पण आत काहीच नाही."

तात्या संगणक केंद्राची टेपखोली सांभाळत; दर बुधवारी साठवणीची प्रत टेपवर उतरवून तिथे ठेवली जाई. सर इस्पितळात होते. पुराचा शेवटचा नकाशा पाहायचा म्हणून जीव धरून होते. तो नकाशा मुलगी याच मोजमापांवरून काढणार होती.

केंद्रात यंत्रांचे दोन ताफे, जुना आणि नवा. इमारती वेगळ्या, साठवणही वेगळी. जुन्यावर ठेवाल ते राहतं. नव्यावर तीस दिवस कुणी हात लावला नाही, की फाइल आपोआप पुसली जाते. सरांचा डेटा जुन्यावर होता.

व्यवस्थापकांनी निकाल देऊन टाकला. "काल यंत्रावर हीच होती. हिनंच चुकून पुसला."

"टेपवर प्रत असेल की," तात्या म्हणाले.

"गेल्या बुधवारची टेप पाहिली. नुसतं नाव आहे, आत काही नाही."

"मग दोन महिन्यांपूर्वीची काढतो."

"माझ्या सहीशिवाय? अर्ज करा."

अर्ज दोनदा परत आला. एकदा रकाना चुकला म्हणून, एकदा शाई निळी म्हणून.

"आता काय, रक्तानं लिहू?" तात्या करवादले. मुलगी हसली नाही. बुधवार उलटला.

गुरुवारी दुपारी तात्या भिंतीवरचा, रोजची मोकळी जागा नोंदलेला साठवणीचा तक्ता काढून थेट संचालकबाईंच्या खोलीत शिरले. व्यवस्थापक तिथेच होते.

"साहेब, डेटा रविवारी पुसला ना?"

"हो."

"मग त्याआधीच्या बुधवारच्या टेपवर का नाही?"

तात्यांनी तक्ता टेबलावर पसरला.

"आणि रविवारी पुसला, तर जागा रविवारी मोकळी व्हायला हवी. तक्ता बघा. जुन्या साठवणीत जागा झाली महिन्यापूर्वी. केंद्राच्या वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी."

"तात्या, नीट सांगा," बाई म्हणाल्या.

"साठवण तुडुंब होती. तपासणीत लाज गेली असती. यांनी सरांचा डेटा नव्या ताफ्यावर हलवला आणि जुन्या जागी तिकडची वाट दाखवणारी पाटी ठेवली. फोल्डर दिसत राहिलं. टेपवरही पाटीचीच प्रत गेली. सर आजारी, फाइल उघडणार कोण? तीस दिवस भरले, यंत्रानं आपलं काम केलं."

"परत आणणार होतो," व्यवस्थापक पुटपुटले. "विसरलो."

"विसरलात ते खपलं असतं, साहेब. पण सही अडवलीत. जुनी टेप निघाली असती, तर डेटा हलवल्याचंही उघड झालं असतं. चोराच्या मनात चांदणं. पोरीवर आळ घेतलात आणि चार दिवस खाल्लेत."

बाईंनी तिथल्या तिथे सही केली. निळ्या शाईनं. टेपवर बावीसच्या बावीस वर्षं शाबूत होती.

नकाशा निघायला अठरा तास लागतात. तो शुक्रवारी अकरा वाजता निघाला.

सर त्याच दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वारले.