लहानांच्या वर्गात

तो सुतार बाकांचे पाय कापायला आला होता, एवढंच. चर्चच्या संडे स्कूलमध्ये पोरांचे पाय अधांतरी लोंबायचे, म्हणून मीच पाळकांच्या मागे लागून ते काम काढलं होतं. शनिवारी संपायचं ते लांबलं. रविवारी सकाळी मी मुलांना घेऊन वर्गात शिरले, तर हा अजून जमिनीवर बसून बाकाची कड घासत होता.

"खिळा-बिळा वर नाही ना आलेला?" मी विचारलं. माझी सहा वर्षांची लेक, चिमणी, कुठेही हात घालते.

त्याने सगळ्या बाकांवरून तळहात फिरवला अन् माझ्यापुढे धरला. "बघा. रक्त नाही."

मला हसू आलं... आणि ते आल्याचा रागही.

धडा सुरू केला. लेकरासारखं नम्र झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात जाता येत नाही, असं येशू शिष्यांना सांगतो, तो. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. सुतार — गुडघे पार हनुवटीला टेकलेले.

"बाई, मोठं झालेल्याने परत लहान व्हायचं कसं?"

पोरं खिदळली. "मोठ्यांचा वर्ग शेजारी भरतो," मी म्हटलं.

"तिथे सगळ्यांना सगळं येतं. मला इथेच बसू द्या."

पुढचे सहा रविवार तो बसला. शाळा चौथीत सुटलेली. ओळीखालून बोट फिरवत वाचायचा, अडला की चिमणीला विचारायचा. ती ऐटीत सांगायची.

"खरंच शिकायला येता, की..." एकदा फळा पुसता पुसता मी विचारलं.

"शिकायलाच," तो म्हणाला. "पण बाई दुसऱ्या असत्या तर एवढं लक्ष लागलं नसतं."

त्यानंतरच्या रविवारी, जिन्यात, त्याने सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?" मी आठवडा मागितला.

तो आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. नवरा तापाने तीन दिवसांत गेला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी चिमणीच्या कपाळाला दिवसातून दहादा हात लावते. गॅस बंद आहे ना, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येते. आता तर भाजीही करपायला लागली.

"लक्ष कुठंय तुझं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, उद्या त्यालाही काही झालं तर?"

"झालं तर रडू. माझा तर पोटचा गेला. जेवतेच ना मी?" त्यांनी कढई ओढून घेतली. "तू म्हणजे ना, देवाकडूनसुद्धा लेखी हमी मागशील."

रविवारी पाठांतर होतं. त्याची पाळी आली. उभा राहिला, दोन ओळी म्हटल्या — आणि अडला. कान लाल झाले. चिमणीने पुढचा शब्द सांगितला. तो हसला, "थांबा हं," म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अडला. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मी त्याच्या जागी असते तर परत तोंड दाखवलं नसतं.

वर्ग सुटल्यावर मी दाराशीच त्याला गाठलं. "आजारी पडलात तर?"

"पडेन. माणूस आहे."

"मी सारखी काळजी करते. कंटाळाल."

"एखाद्या दिवशी कंटाळेनही. सांगेन तसं."

"सासूबाई माझ्याबरोबर राहतील."

"हे मात्र मी धरूनच चाललोय. करपलेली भाजी किती दिवस खाणार?"

हे चिमणीने फोडलेलं दिसत होतं. मी हसले नाही. "एखादा शब्द तरी द्या."

"उद्याचं माझ्या हातात नाही, बाई. मी रोज मागतो देवाजवळ. तुम्ही नाही मागत?"

मी मुलांना मागायला शिकवते. आणि स्वतः? तीन वर्षं एकच — हिला नेऊ नकोस. यापलीकडे काही मागायची छातीच झाली नव्हती.

तिथेच, दाराच्या कडीवर हात ठेवून, मी डोळे मिटले. हा माणूस मला दे, म्हटलं. एवढंच. कुठलीही अट घालायचं सुचलं नाही.

"घरी कधी येता? आईंना भेटायला," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आत्ता."

हात थरथरत होता. भीती कुठेही गेली नव्हती... त्याने तो हात धरला तेव्हा कळलं, त्याचाही थरथरतोय.